मागच्या ॲक्सलवरचा ब्रेक पाइप चेपला : जोड द्यावा की अख्खा बदलावा?

वळणवाट (रविवार, रात्री ९.५०)

मंडळी, जरा घाईचा सल्ला हवाय.

गाडी २०१४ ची थार सीआरडीई, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. आज आम्ही दोन गाड्या मुळशीच्या मागच्या अंगाला गेलो होतो. ओढ्यातून वर येताना डावं मागचं चाक ओल्या धोंड्यावरून घसरलं आणि ॲक्सल दगडावर टेकला. खाली खडखडाट झाला, पण त्या वाटेवर खडखडाट कुठे होत नाही! पुढच्या उतारावर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं तेव्हा थांबून खाली वाकलो. डिफरन्शियलच्या गोळ्यापासून (मागच्या ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागापासून) डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रमकडे जाणारा लोखंडी पाइप एका जागी चपटा झालाय आणि त्या कडेतून ब्रेक ऑइल झिरपतंय. मित्राने पेडल दाबलं की बारीक फवारा. ब्रेक ऑइलच्या वरच्या डब्यातला मागच्या चाकांचा कप्पा जवळजवळ रिकामा, पुढच्यांचा भरलेला.

सोबतच्या जिप्सीवाल्याने फुटलेल्या जागेच्या अलीकडे, गोळ्याच्या बाजूला, पाइप दुमडला आणि ग्रिप प्लायरने आवळला. प्लायर तारेने ॲक्सलला बांधून टाकला. गळती थांबली. डबा भरून, डांबरी लागेपर्यंत लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या हळू चालीच्या गिअरात), पुढे दुसऱ्या गिअरमध्ये, तो पुढे आणि मी मागे, असे पिरंगुटपर्यंत आलो. घाटातल्या रविवारच्या गर्दीत तसल्या ब्रेकवर शिरायची इच्छा नव्हती, म्हणून गाडी तिथे ओळखीच्यांच्या शेडमध्ये लावली.

आता तीन मतं मिळालीयत. एक गॅरेजवाला म्हणतो, चेपलेला तुकडा कापून मध्ये पितळी जॉइंट टाकतो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणतो, कंपनीचा पाइप मागवावा लागेल, थांबा. तिसरं मत एसीचं काम करणाऱ्या मित्राचं : तांब्याचा पाइप टाक, गंजायची कटकटच नाही. स्वतः करायची तयारी आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, फ्लेअरिंगचं (पाइपाचं तोंड फुलवायचं) सोडून. काय करू?

सह्यकडा (रविवार, रात्री १०.०५)

रुमाल टाकून ठेवतो.

नट_बोल्ट (रविवार, रात्री १०.४०)

आधी पितळी जॉइंटबद्दल. तो कोणत्या प्रकारचा आहे ते विचारलंत का? नळकामात वापरतात तो, म्हणजे पाइपवर पितळी कडी सरकवायची आणि नट आवळून ती पाइपवर दाबायची, तो असेल तर हात जोडून नमस्कार करा आणि बाहेर पडा. ती कडी फक्त पकडीवर टिकून असते. ब्रेकच्या दाबाला आणि ॲक्सलच्या हादऱ्यांना पाइप तिच्यातून सरकू शकतो, आणि सरकेल तो नेमका तुम्ही जीव खाऊन पेडल दाबाल तेव्हाच.

दाब किती असतो याचा बऱ्याच जणांना अंदाज नसतो, म्हणून गणित मांडतो. पेडलवर पायाचा जोर २५ किलो धरा. पेडलच्या दांडीचा फायदा चारपट, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलतो तो) दांड्यावर १०० किलो. सिलिंडरचा बोअर २२ मिमी धरला तर क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंमी. भागाकार केला की दर चौरस सेंमीला २६ किलो, आणि हे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) न धरता. बूस्टर तीन-चार पट करतो. म्हणजे जोरात ब्रेक मारला की पाइपात ८० ते १०० किलोचा दाब सहज. टायरमधला ३० पीएसआय म्हणजे जेमतेम २ किलो. एसीच्या गरम बाजूलाही साधारण १५ ते २० च असतो. म्हणून एसीवाल्या मित्राचा अनुभव त्याच्या जागी बरोबर आहे, इथे लागू नाही.

अख्खा पाइप बदला. गोळ्यापासून ड्रमपर्यंतचा तो तुकडा असून असून किती लांब असणार? दोन टोकांना दोन नट. मध्ये जोड देऊन गळायला आणखी दोन जागा कशाला निर्माण करायच्या?

पेठकर (रविवार, रात्री ११.१०)

नट_बोल्टराव, इतकं घाबरवू नका हो. नाना पेठेत निम्म्या टेम्पोंना मध्ये जॉइंट सापडतील. वर्षानुवर्षं चालतायत. माझ्या बोलेरोला चेसिसवर जॉइंट आहे, कात्रज, खंबाटकी, वरंधा सगळं झालं. आपल्याकडचे मेस्त्री काय आज काम शिकले?

नट_बोल्ट (रविवार, रात्री ११.२५)

पेठकर, तुमच्या बोलेरोचा जॉइंट बहुतेक फ्लेअरवाला असणार : दोन्ही पाइपांची तोंडं फुलवून, नट लावून, मध्ये युनियन. तो वेगळा प्रकार आणि तो चालतो. फुललेलं तोंड नटाच्या मागे अडकतं, ते ओढून निघू शकत नाही. चेसिसवर सरळ जागेत, क्लिपने धरलेला, दिसेल असा फ्लेअर युनियन असेल तर माझी हरकत नाही. लांब पाइप गाडीच्या तळाखालून मागपर्यंत जातो, तो अख्खा बदलायला डिझेलची टाकी उतरवावी लागते, तिथे युनियन हाच व्यवहार्य मार्ग.

पण ॲक्सलवर नको. तिथे दगड लागतात, चिखल बसतो, आणि युनियनचं वजन त्या बारीक पाइपवर सतत थरथरतं. आणि अर्ध्या तासात करून देतो म्हणणारा माणूस गाडीखाली झोपून दोन डबल फ्लेअर मारणार आहे यावर माझा विश्वास नाही.

पेठकर (रविवार, रात्री ११.३०)

हे पटलं. उद्या गाडीखाली बघतो कोणता आहे.

धातूवेडा (सोमवार, सकाळी ७.१५)

तांब्याबद्दल थोडं. शुद्ध तांबं दाबाला कमी पडतं म्हणून नको असं नाही. बारीक व्यासाच्या नळीला दाब झेपतोही. अडचण हादऱ्यांची आहे. तांबं वाकवलं, हलवलं, थरथरवलं की कडक होत जातं आणि कडक झालं की तडकतं. नवीन असताना हाताने सुरेख वाकतं, फ्लेअर तर लोण्यात मारल्यासारखा, त्यामुळे करणाऱ्याला ते फार आवडतं. तडा पुढे कधीतरी जातो, बहुतेक फ्लेअरच्या मानेला.

गंजाचीच चिंता असेल तर कॉपर-निकेलचा पाइप घ्या. तांबं सुमारे ९० टक्के, निकेल १०, आणि थोडं लोखंड व मँगनीज. दिसायला तांब्यासारखाच, पण थकव्याला बराच चिवट आणि मिठाला दाद देत नाही. व्होल्व्होने १९७० च्या दशकातच आपल्या गाड्यांना तो वापरायला घेतला. ऑनलाइन गुंडाळी मिळते. मात्र घेताना नुसता 'कॉपर ब्रेक पाइप' असं लिहिलेला घेऊ नका, मिश्रधातूचं प्रमाण लिहिलेलं हवं.

कंपनीचा मूळ पाइप बहुतेक बंडी ट्यूब असते : पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळून, आत तांब्याने सांधलेली, वरून गंजरोधक लेप. तीही उत्तमच. लेप टिकेपर्यंत.

गडकरी_पायी (सोमवार, सकाळी ८.३०)

तुमचा पाइप होईल दुरुस्त, पण ओढ्यात सांडलेल्या ब्रेक ऑइलचं काय? त्या ओढ्याचं पाणी खालची वाडी पिते. पावसाळ्यात गाड्यांनी केलेल्या चाकोऱ्या बघितल्यात का कधी पायी जाऊन? वाट राहिलेली नाही, कालवे झालेत.

वळणवाट (सोमवार, सकाळी ९.००)

गळती ओढ्यापासून बरीच वर आल्यावर लक्षात आली आणि प्लायर लावेपर्यंत खाली डबा धरला होता. ऑइल लागलेली माती पिशवीत भरून आणली. चाकोऱ्यांबद्दलचा राग रास्त आहे. आम्ही बैलगाडीची जुनी वाट सोडत नाही, पण सगळेच तसं करतात असं म्हणणार नाही.

चिखलमित्र (सोमवार, सकाळी ९.४०)

या विषयावर वेगळा धागा निघू दे, नाहीतर याचा काश्मीर होईल.

मला जिप्सीवाल्याच्या जुगाडाबद्दल बोलायचंय. वेळेला उत्तम. पण एक लक्षात घ्या, डावं मागचं बंद आणि उजवं मागचं चालू अशी गाडी होते. कोरड्या रस्त्यावर फारसं जाणवत नाही, चिखलात उतारावर गाडी तिरकी होते. आम्ही अशा वेळी मागचा अख्खा सर्किट (मागच्या दोन्ही चाकांची ऑइलची वाट) बंद करतो. चेसिसवरून ॲक्सलवर येणारा रबरी होज एकच असतो, त्याची मागची बाजू गोळ्यावरच्या टी-जॉइंटला (तिथून दोन्ही चाकांचे पाइप फुटतात) जाते. तिथेच बंद केलं की पुढचे दोन समान लागतात आणि पेडलही टणक येतं.

आणि पार्ट-टाइम फोर बाय फोरचा (हवं तेव्हाच चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडीचा) एक फायदा मातीत वापरून घ्या. फोर व्हीलला टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकत्र बांधले जातात. मग पुढचे ब्रेक लागले तरी काही प्रमाणात मागची चाकंही धरली जातात, आणि इंजिन ब्रेकिंग चारी चाकांवर वाटलं जातं. फक्त डांबरावर ते काढायचं, नाहीतर ट्रान्समिशन आवळलं जातं.

जिप्सी_सोबती (सोमवार, सकाळी १०.१५)

तो प्लायरवाला मीच. रबरी होज आवळायचा विचार केला होता, पण त्याला प्लायर लावला की आतलं अस्तर फाटू शकतं, बाहेरून काही दिसत नाही. मग नंतर होजही बदलावा लागतो. पाइप नाहीतरी भंगारातच जाणार होता, म्हणून त्याचाच बळी दिला. हाताशी डमी नट (तोंड बंद केलेला नट) असता तर टी-जॉइंटला लावून टाकला असता.

जीपवाले_काका (सोमवार, दुपारी १.२०)

पोरांनो, चर्चा चांगली चाललीय. आमच्या जुन्या विलीज जातीच्या जीपला सर्किट एकच असायचं. एक पाइप गेला की चारही चाकं गेली आणि मग हँडब्रेक आणि देव. त्यामानाने तुम्ही सुखी आहात.

डमी नट असा करायचा : जुना पाइप बदलताना त्याचं चांगलं टोक नटासकट बोटभर ठेवून कापायचं, कापलेलं तोंड ठोकून चेपायचं, दुमडायचं आणि वर ब्रेझिंग करून घ्यायचं. फ्लेअर कंपनीचाच, नट कंपनीचाच, त्यामुळे बसणारच. डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्यायचा.

आता वळणवाट, तुझ्या कामाचं बोलू. खरी लढाई नवा पाइप करण्यात नाही, जुना नट सोडवण्यात आहे. नट पाइपवर गंजून धरलेला असतो. साधा फिक्स पाना लावलास तर नटाचे कोपरे गोल होतील, आणि नट फिरलाच तर पाइपही पिळवटत येईल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेव. फ्लेअर नट पाना आण, रिंग पान्यासारखाच पण पाइप जायला एका बाजूने फट असलेला. तरीही हलला नाही तर पाइप नटाच्या अगदी जवळ कापून टाक आणि वरून सहा कोनी बॉक्स पाना घाल. पाइप फेकायचाच आहे, त्याची दयामाया कशाला? ब्लो लॅम्प मात्र तिथे लावू नकोस. ब्रेक ऑइल पेटतं, आणि व्हील सिलिंडरचं (ड्रममधला, ब्रेक दाबणारा) रबर शेजारीच असतं.

पाइप सोडण्याआधी पेडल थोडं दाबून लाकडाने सीटच्या आधाराने अडकवून ठेव. इंचभर पुरे. मास्टर सिलिंडरचा वॉशर डब्याच्या भोकापुढे जातो आणि वरचं ऑइल टपटपत खाली येत नाही. ब्रेक लाइट पेटलेला राहील, म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढ.

आणि ऑइल रंगावर सांडू देऊ नकोस. सांडलं तर पुसू नकोस, भरपूर पाणी ओत.

वळणवाट (सोमवार, रात्री ९.३०)

काका, दंडवत. अख्खा पाइप करायचा हे ठरलं. आता फ्लेअर कोणता? दुकानदार विचारतो 'डबल की बबल?' आणि नटाचे आटे कोणते हेही.

नट_बोल्ट (सोमवार, रात्री १०.१०)

अंदाज करू नका, जुन्या पाइपकडे बघा. टोक आतून नरसाळ्यासारखं उलटं वळलेलं, ४५ अंशांच्या उताराचं असेल तर डबल फ्लेअर. टोक बाहेरून भुईछत्रीच्या टोपीसारखं फुगलेलं असेल तर बबल. नटावरूनही कळतं. डबल फ्लेअरच्या नटाचे आटे बहुधा टोकापर्यंत असतात, बबलच्या नटाला पुढे थोडा बिनआट्याचा भाग असतो. आणि टी-जॉइंटच्या भोकात टॉर्च मारून बघा. आत सुळका वर आलेला दिसला तर डबल, खोलगट बैठक दिसली तर बबल. एकाच्या जागी दुसरा लावलात तर कितीही आवळा, पाझरणार. आणि जास्त आवळून बैठक चेपली की टी-जॉइंटही गेला.

एकेरी फ्लेअर मारून देतो म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका. पोलादी पाइपला एकेरी फ्लेअर कडेला चिरतो.

जीपवाले_काका (सोमवार, रात्री १०.३०)

आट्यांचं मी सांगतो, कारण इथे लोक फसतात. आपल्याकडच्या गाड्यांना ४.७५ मिमी पाइपला बहुतेक एम १० चा नट, पिच १ मिमी. जुन्या अमेरिकन घराण्यातल्या जीपला तीन-अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे. तीन-अष्टमांश म्हणजे ९.५ मिमी आणि पिच १.०६. दोन्ही हातात घेतले तर ओळखू येत नाहीत. इंची नट एम १० च्या भोकात आरामात जातो, थोडा ढिला लागतो, आवळताना पकडतोही, आणि दाब आला की आटे सोलून बाहेर. उलट एम १० चा नट इंची भोकात दोन आट्यांत अडतो. म्हणून नियम असा की नट बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि डगडगला नाही पाहिजे. जुना नट घेऊनच दुकानात जा. क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलास की दहा दुकानं सापडतील, पण नुसतं 'थारचा नट द्या' म्हणू नकोस.

फ्लेअरिंगचं हत्यार माझ्याकडे आहे. सिंहगड रोडला येऊन घेऊन जा. परत आणून दे म्हणजे झालं, मागच्याने नेलेलं अजून कुठेतरी बावधनला फिरतंय.

बावधनचा (सोमवार, रात्री १०.४५)

काका, उद्या आणून देतो. 🙏

सह्यकडा (मंगळवार, सकाळी ८.००)

😂 रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

वळणवाट (शनिवार, रात्री ८.२०)

काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) गाडी घेतली, चाक काढलं. टी-जॉइंटचा नट फ्लेअर पान्याने सुटला. ड्रमकडचा हलेना, तिथे काकांचा उपाय केला : पाइप कापला, बॉक्स पाना घातला, कट्ट आवाज आला आणि सुटला.

आता खरी गोष्ट. ॲक्सलवर पाइप धरणारी पत्र्याची क्लिप उघडली तर तिच्याखाली पाइपला हात लावल्या लावल्या लेप पापुद्र्यांनी निघाला. आत तांबडी माती घट्ट बसलेली, ओलसर. नखाने खरवडलं तर पाइपाला खड्डे. चेपलेल्या जागेपासून हे चांगलं चार बोटं लांब आहे. म्हणजे दगड फक्त निमित्त. जॉइंट टाकून घेतला असता तर नवा जॉइंट त्या सडलेल्या पाइपला जोडून मी ताम्हिणी उतरत असतो. मग उजव्या बाजूची क्लिपही उघडली. तीच कथा, थोडी कमी. दोन्ही पाइप बदलले.

फ्लेअर डबल निघाला, आटे एम १०. कॉपर-निकेल घेतला. जुना पाइप वळणांसकट जमिनीवर ठेवला, सुतळीने लांबी मोजली, वर थोडा जास्त ठेवून कटरने कापला. हॅकसॉ वापरली नाही कारण तोंड तिरकं होतं आणि बुरा आत जातो. आतली कड रीमरने, बाहेरची कानशीने किंचित उतरवली. टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब, पाइप डायमध्ये ॲडॅप्टरच्या पायरीएवढा वर, पहिल्या दाबात तोंड फुगतं, दुसऱ्या दाबात आत वळतं. आधी भंगार तुकड्यांवर हात बसवून घेतला. भिंग लावून बघायचं : कड सगळीकडे सारखी, चीर नाही, मध्यभागी आहे. आणि नट आधी पाइपवर घालायचा, मग दुसरं टोक फुलवायचं. हे वाचायला बावळट वाटतं, पण डब्यावर खडूने लिहून ठेवलं होतं.

वळणं हाताने न देता सॉकेटभोवती दिली, म्हणजे पाइप मोडत नाही. क्लिपऐवजी रबर लावलेल्या क्लिपा वापरल्या, आणि पाइप ॲक्सलच्या नळीच्या वरच्या-मागच्या अंगाला सरकवला. पूर्वी तो पुढच्या बाजूने, दगडाच्या तोंडावरच जात होता.

एक प्रश्न राहिलाय. हवा काढली, कुठे गळत नाही, तरी पेडल जरासं खाली लागतंय. पहिल्यासारखं उंच नाही.

चिखलमित्र (शनिवार, रात्री ८.५०)

एकच नंबर! क्लिपखालची माती हा मुद्दा सोन्याचा आहे. समुद्रावर गाडी नेणाऱ्यांनी तर नक्की बघा. केळशी, हरिहरेश्वरला वाळूत फोटो काढून आले की गाडी वरून धुतात, खालून कोण धुतं? मीठ त्या क्लिपांतच बसतं.

पेडलचं : एकदा दाबून बघ, मग भराभर तीन-चारदा पंप करून बघ. पंप केल्यावर वर आलं आणि दगडासारखं टणक लागलं तर हवा नाही, मागच्या ड्रममध्ये लायनरचा (ड्रमला घासणाऱ्या अस्तराचा) गॅप वाढलाय. ड्रम काढला होतास ना? ॲडजस्टर (हा गॅप ठरवणारा) मागे गेला असेल. पंप करूनही मऊ, लुसलुशीत लागलं तर हवा आहे.

नट_बोल्ट (शनिवार, रात्री ९.१५)

हवा काढताना क्रम काय घेतलात? मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपली गाडी उजव्या हाताला स्टिअरिंगची, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या सर्किटला लोड सेन्सिंग वॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर गाडी चेसिसवर उचलून, चाकं लटकत ठेवून ब्लीडिंग करू नका. ॲक्सल खाली लटकला की वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा प्रवाह आवळतो. घोड्या ॲक्सलखाली लावा.

आणि जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल पार तळापर्यंत दाबत बसू नका. रोजच्या वापरात वॉशर जिथवर जात नाही तिथे बोअरमध्ये गंज असतो, रबर त्यावर घासलं की चिरतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून करा.

वळणवाट (शनिवार, रात्री ९.३५)

पंप केल्यावर टणक येतंय. घोड्या ॲक्सलखालीच होत्या. उद्या ॲडजस्टर बघतो.

आदिती_जि (रविवार, सकाळी १०.००)

खूप उपयोगी धागा. माझी जिम्नी आहे, एबीएसवाली. दोन्ही ॲक्सल रिजिड (एकसंध), त्यामुळे पुढेही हीच भीती. असंच घरी करता येईल का, की सर्व्हिस सेंटरच?

नट_बोल्ट (रविवार, सकाळी ११.२०)

आदितीताई, पाइप बदलण्याचं काम तेच. फरक एबीएसच्या ब्लॉकचा. त्यात बारीक वॉल्व्ह आणि पंप असतो. चाकाकडचा पाइप सोडलात, डबा कधीच रिकामा होऊ दिला नाहीत, तर हवा खालीच राहते आणि नेहमीच्या पद्धतीने निघते. डबा कोरडा पडला किंवा ब्लॉकचेच पाइप सोडले तर हवा आत जाते, आणि मग स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. तेव्हा काकांची पेडल अडकवायची युक्ती तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाची. चाकाच्या सेन्सरची वायर तिथूनच जाते, पाना फिरवताना तिला जपा.

ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि ओला १४०, डॉट ४ चे २३० आणि १५५. 'ओला' म्हणजे ३.७ टक्के पाणी शोषलेलं. आपल्या पावसाळ्यात ते पाणी शोषतंच, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं आणि अर्धी उघडी बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, नाव जवळचं असलं तरी.

पेठकर (रविवार, दुपारी १२.०५)

गाडीखाली जाऊन आलो. फ्लेअर युनियन आहे. पण क्लिपखाली तांबडं दिसतंय. काका, वळणवाटने हत्यार परत दिलं का?

जीपवाले_काका (रविवार, दुपारी १२.३०)

दिलं. संध्याकाळी ये. येताना जुना नट आण.

चाकोरी (रविवार, दुपारी ४.१०)

उशिरा आलो. थारला मागे दोन इंच लिफ्ट घालतोय (गाडी तेवढी उंच करतोय). याचा ब्रेक पाइपाशी संबंध येतो का?

जिप्सी_सोबती (रविवार, दुपारी ४.४०)

येतो, लोखंडी पाइपाशी नाही, रबरी होजशी. लिफ्टने ॲक्सल चेसिसपासून लांब जातो आणि होज तेवढाच राहतो. सपाट जमिनीवर सैल दिसतो, फसू नका. गाडी चेसिसखाली घोड्यांवर घ्या, मागची चाकं पूर्ण लटकू द्या, आणि मग एका चाकाखाली जॅक लावून तेवढं वर ढकला, म्हणजे ॲक्सल तिरपा होईल. अशा स्थितीत होज कुठेही ताठ झाला, टी-जॉइंटचा नट ओढायला लागला किंवा स्प्रिंगच्या पात्याला घासायला लागला, तर लांब होज घ्या किंवा चेसिसवरचा ब्रॅकेट खाली उतरवा. शॉक ॲब्सॉर्बर लांब टाकणार असाल तर नवे शॉक लावून झाल्यावर पुन्हा मोजा, कारण चाक आता आणखी खाली लटकेल.